खेळ त्यांचा, नकाशा आपला

संध्याकाळी रामदासपेठेतल्या कॅनॉल रोडने एक चक्कर मारा. शिकवण्या सुटलेल्या असतात. सायकलींची कुलपं काढता काढता मुलांच्या गप्पा रंगलेल्या असतात. तुम्हाला वाटेल, भौतिकशास्त्राचं गणित चाललंय. छे! कुणी कुणाला मागून आधार दिला नाही, कुणाची गोळी हुकली, कोण शेवटपर्यंत टिकला, याचा हिशेब चाललेला असतो. हा सगळा हिशेब मोबाइलमधल्या एका लढाईचा.

मित्रांनो, असे खेळ खेळणारे पुष्कळ असतात. पण हे खेळ नक्की कुणाचे? २ सप्टेंबर २०२० या दिवशी भारत सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात पब्जी मोबाइलही होतं. ज्यांनी त्यात महिनोन्‌महिने घालवले होते, त्यांची सगळी कमाई एका निर्णयासरशी हातातून गेली. खेळ ज्याच्या हातात, त्याने किंवा सरकारने दार लावलं की आपण बाहेर!

पण जगात असाही एक गोळीबाराचा खेळ आहे, जो तीस वर्षं उलटून गेली तरी संपलेला नाही. कारण त्याचं दार त्याच्या कर्त्यांनीच उघडं ठेवलं. त्याच्या चाहत्यांची ही गोष्ट.

टेपरेकॉर्डर आणि कॅसेट

त्या खेळाचं नाव डूम. १० डिसेंबर १९९३ रोजी तो बाहेर पडला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात इड सॉफ्टवेअर नावाची एक छोटीशी कंपनी होती. मोजकीच माणसं. त्यांत जॉन कार्मॅक हा तेवीस वर्षांचा प्रोग्रॅमर आणि जॉन रोमेरो हा सव्वीस वर्षांचा त्याचा साथीदार. गोष्ट म्हणाल तर साधी : मंगळाला फोबोस आणि डिमोस असे दोन चंद्र आहेत, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेलच. तिथल्या प्रयोगशाळांत एक प्रयोग फसतो, राक्षस बाहेर येतात आणि एकटा सैनिक त्यांच्याशी लढतो.

खेळाचा पहिला भाग कंपनीने फुकट वाटला. आवडला तर पुढचे भाग विकत घ्या! ज्या विद्यापीठाच्या संगणकावर तो ठेवायचा होता, तिथे आधीपासूनच इतके जण वाट पाहत ताटकळले होते की खुद्द कंपनीलाच आत शिरायला जागा मिळेना. आधी गर्दी हटवावी लागली आणि मगच खेळ चढवता आला.

पण खरी गंमत पुढेच आहे. कार्मॅकने खेळाचे दोन तुकडे केले होते. एक तुकडा म्हणजे खेळ चालवणारं यंत्र. दुसऱ्या तुकड्यात सगळा माल : खोल्यांचे नकाशे, राक्षसांची चित्रं, दारं उघडण्याचे आवाज. हा माल वॅड नावाच्या फायलीत बांधलेला असे. टेपरेकॉर्डर आणि कॅसेटसारखंच म्हणा ना! टेपरेकॉर्डर तोच ठेवायचा, कॅसेट बदलली की गाणं बदलतं. कार्मॅकने हे मुद्दाम केलं होतं. त्यांच्या आधीच्या खेळात चाहत्यांनी खटपट करून स्वतःचे नकाशे घुसवले होते. कंपनीने त्यांच्यावर डोळे वटारले नाहीत, उलट पुढच्या खेळात त्यांची वाट सोपी करून दिली. अट एवढीच की असे नकाशे फुकट मिळालेल्या भागावर चालू नयेत, पुरा खेळ घेणाऱ्यालाच ते खेळता यावेत. कंपनीचं पोटही भरलं पाहिजे ना!

१९९४ साल उजाडताच नकाशे काढायची साधनं चाहत्यांनीच तयार केली. मग काय, नकाशांचा पाऊस पडला. कुणी आपल्या घराचा नकाशा काढला, कुणी शाळेचा, कुणी कचेरीचा. जस्टिन फिशर या चाहत्याने १९९४ मध्येच ‘एलियन्स’ या चित्रपटाचं अख्खं जग डूममध्ये उतरवलं. राक्षस गेले, परग्रहावरचे प्राणी आले. यंत्र मात्र तेच!

फुकट की विकत?

या चाहत्यांमधली एक टोळी म्हणजे टीम टीएनटी. निरनिराळ्या गावांतली ही माणसं फक्त संगणकाच्या तारेवरून एकमेकांना भेटत. त्यांनी ३२ नकाशांचा भला मोठा संच तयार केला आणि तो सगळ्यांना फुकट द्यायचं जाहीर केलं. वाट पाहून पाहून लोकांचे डोळे थकले. १९९५ च्या अखेरीस तो बाहेर पडणार, तोच इड सॉफ्टवेअरचा निरोप आला : ‘आम्ही हा संच विकत घेतो.’

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? रात्री जागून केलेल्या कामाचे पैसे मिळतायत, शिवाय ज्यांना गुरू मानलं तेच पाठ थोपटतायत. पण शब्द दिला होता फुकटाचा! टोळीने होकार दिला. १९९६ मध्ये ‘फायनल डूम’ नावाने तो संच दुकानात आला. दारिओ आणि मायलो कसाली या भावांनी केलेले आणखी ३२ नकाशे त्यात होते. फुकटाची वाट पाहणारे काही चाहते मात्र चांगलेच बिथरले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. हौसेचा व्यवसाय झाला की मैत्रीला थोडा ओरखडा पडतोच. पण याच वाटेने दारिओ कसाली पुढे व्हॉल्व्ह कंपनीत गेला आणि १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या गाजलेल्या खेळावर त्याने काम केलं. नकाशे काढण्याच्या छंदातून त्याला नोकरी लागली होती.

न्याहारीच्या खोक्यात खेळ

डूम गाजल्यावर त्याच्या पिलावळीला सुरुवात झाली. १९९५ पासून कादंबऱ्या निघाल्या. १९९६ मध्ये मार्व्हलने चित्रकथा काढली. २००५ मध्ये चित्रपट आला. पण सगळ्यांत मजेदार पिल्लू कुठलं, सांगू? ‘चेक्स क्वेस्ट’!

चेक्स हा अमेरिकेतला न्याहारीचा एक पदार्थ. कुरकुरीत चौकोनी तुकडे दुधात घालून खातात. १९९६ मध्ये त्याच्या खोक्यात एक सीडी फुकट मिळू लागली. तीत डूमचंच यंत्र होतं, पण रक्ताचा थेंबही नव्हता. हिरव्या चिकट प्राण्यांवर किरण सोडायचा, की ते मरत नाहीत, गुपचूप आपल्या घरी परत जातात! मुलांनी तो इतका डोक्यावर घेतला की मोठी झाल्यावरही ती त्याला विसरली नाहीत. २००८ मध्ये, मूळ खेळाची चित्रं ज्याच्या देखरेखीखाली झाली होती, त्या चार्ल्स जेकोबीने चाहत्यांसाठी त्याचा तिसरा भाग काढला.

हे मुद्दाम सांगितलं, कारण मूळ डूम रक्तबंबाळ आहे. अमेरिकेत त्याच्यावर सतरा वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे. तेव्हा लहानांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. पण यंत्र आणि कॅसेट वेगळी असली की तेच यंत्र किती निराळी गोष्ट सांगू शकतं, ते चेक्सने दाखवलं.

२३ डिसेंबर १९९७ रोजी इड सॉफ्टवेअरने डूमच्या यंत्राचं गुपित, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम, जगासमोर खुला केला. तेव्हापासून लोक तो नाना यंत्रांवर चालवून पाहतात. चाहत्यांनी ‘फ्रीडूम’ नावाचा स्वतःचा मालही तयार केला. राक्षस, भिंती, आवाज, सगळं त्यांचंच आणि सगळ्यांना फुकट. २००४ पासून दर वर्षी १० डिसेंबरच्या सुमाराला, म्हणजे डूमच्या वाढदिवशी, वर्षातल्या उत्तम नकाशांना चाहतेच बक्षिसं जाहीर करतात. २०१९ मध्ये तर रोमेरोने स्वतः नऊ नकाशांचा नवा भाग काढला. कर्ताच चाहता झाला! आणि २०२३ मध्ये एका चाहत्याने साध्या घराचा नकाशा काढला. तुम्ही आत शिरता, बाहेर येता, आणि परत जाता तेव्हा त्याच घराच्या खोल्या बदललेल्या असतात. तीस वर्षांच्या जुन्या यंत्राच्या सुधारलेल्या अवतारावर केलेली ही करामत पाहून भले भले चक्रावले.

तोंड न दिसणाऱ्या बाहुल्या

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील. बाहुलीचं तोंड हलत नाही, मान हलते, आणि आवाज मागच्या सूत्रधाराचा असतो. अगदी हाच खेळ २००३ मध्ये टेक्सासमधल्या काही मित्रांनी केला, पण बाहुल्या होत्या ‘हेलो’ नावाच्या खेळातल्या.

हेलो १५ नोव्हेंबर २००१ ला आला. तोही भविष्यातल्या अंतराळयुद्धाचा. त्याची कादंबरी तर खेळाच्याही आधी काही दिवस दुकानात आली होती! त्यातले सैनिक डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात, चेहरा काचेआड. मित्रांनी एकाच वेळी खेळात शिरून सैनिकांना रंगमंचावर उभं करावं तसं उभं केलं. एकाच्या नजरेतून चित्रण करायचं, बाकीच्यांनी मान हलवायची आणि आवाज नंतर भरायचे. अडचण एकच : सैनिकांची बंदूक सतत रोखलेली. मग शोध लागला, की हातात पिस्तूल देऊन सैनिकाला खाली बघायला लावलं, तर समोरच्याला तो सरळ बघतोय आणि हात खाली आहेत असं दिसतं. खेळातली ही चूकच त्यांच्या कामी आली.

‘रेड व्हर्सेस ब्लू’ नावाची ही विनोदी मालिका १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. सहा-आठ भागांत आटोपेल असं वाटलं होतं, ती २०२४ पर्यंत चालली! हेलोच्या कर्त्यांनी रागावण्याऐवजी पुढच्या खेळात बंदूक खाली करायची सोयच करून दिली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियमही छापले : आमच्या खेळातून चित्रफिती करा, दाखवा, पण परवानगीवाचून विकू नका. २०२४ मध्ये मालिका काढणारी रूस्टर टीथ ही कंपनी बंद पडली. पण पुढच्याच वर्षी तिच्या संस्थापकांपैकी एक, बर्नी बर्न्स, यांनी ते नाव परत विकत घेतलं. आपण रचलेल्या गोष्टीवर माणसाचा जीव असतो तो असा.

पुण्याहून आलेले यक्ष

हे सगळं तिकडे अमेरिकेत, असं म्हणून उसासा टाकू नका. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस’ नावाचा मोबाइलवरचा युद्धखेळ केला. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो बाहेर आला. इंडस म्हणजे सिंधू. सिंधू संस्कृती पुढे भविष्यात गेली असती तर कशी दिसली असती, ही त्यामागची कल्पना. लढाई होते ती विरलोक नावाच्या परक्या भूमीवर. ती भूमी यक्षांनी घडवलेली, आणि तिथे मिळतं कॉस्मियम नावाचं दुर्मीळ द्रव्य. शेवटी ते ज्याच्या हाती लागेल तो जिंकतो, मग बाकीचे खेळाडू जिवंत का असेनात! खेळ तयार होत असताना कंपनीने खेळाडूंना बोलावून त्याच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांची मतं विचारली. म्हणजे चाहत्यांचा हात इथेही लागलाच. मात्र हा खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो. डूमचं यंत्र जसं प्रत्येकाच्या घरी राहिलं, तसं याचं नाही.

पण यक्ष म्हटल्यावर नागपूरकरांचे कान टवकारायला हवेत. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष कुठे राहिला होता? रामगिरीवर. आणि रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. नागपूरहून तिथे जायला जेमतेम पन्नास किलोमीटर! बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं विवर आहे. अवकाशातून आलेल्या दगडाने काळ्या खडकात खोदलेला, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा. मंगळाचा चंद्र कशाला हवा? विज्ञानकथेचा रंगमंच आपल्या विदर्भातच मांडलेला आहे.

मराठीत चाहत्याचा लेखक होण्याची वाट जुनीच आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर! आपल्या नावाच्या दबावाने बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. एवढा मोठा शास्त्रज्ञही त्या वेळी रांगेत उभा राहिला तो तुमच्याआमच्यासारखाच, एक हौशी म्हणून.

तर मग आलेखाची वही काढा. एक चौकट म्हणजे दोन पावलं, असं प्रमाण धरा. आपल्या इमारतीचा जिना, गच्ची, पाण्याची टाकी, गल्लीचं वळण, सगळं उतरवा. कुठून शिरायचं, किल्ली कुठे लपवायची, शत्रू कोण, त्याला मारायचं की घरी पाठवायचं, ते तुम्ही ठरवा. मित्राला नकाशा द्या आणि तो कुठे अडतो ते गुपचूप बघा. तो जिथे अडेल तिथे खोडरबर चालवा. डूमचे नकाशेही असेच खेळून, खोडून, पुन्हा काढून झालेले आहेत. दुसऱ्याचं पात्र किंवा नाव घेतलंत तर ते विकू नका. स्वतःचं असेल तर प्रश्नच नाही.

वहीतल्या नकाशाला सर्व्हर लागत नाही. तेव्हा यक्ष रामटेकच्या गडावर कुठे लपला असेल, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.