सी भरला, डी रिकामा

‘धिस पीसी’ उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी लालभडक आणि शेजारचा डी जवळजवळ रिकामा, हे चित्र घरोघरी दिसतं. बहुतेकदा दोन्ही एकाच डिस्कवर असतात. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात असते. पार्टिशन म्हणजे त्या तक्त्यातली एक ओळ. सातबाऱ्यावर एका शेताचे दोन तुकडे दाखवावेत तशी.

हे तुकडे पुन्हा जोडता येतात, पण विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ची एक अट आहे: सीला अगदी लागून, उजवीकडची जागा मोकळी हवी. म्हणजे आधी डीवर ‘डिलीट व्हॉल्यूम’ करायचं, आणि त्याबरोबर तिथल्या फायलीही जातात. म्हणून लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, हिशेबाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-पाच तिथून उघडून बघा. कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते खरं काम हेच. पुढे सीवर राइट क्लिक, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’, की झालं.

तो पर्याय फिकट दिसला तर? सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये काही वेळा छोटंसं रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं. ते उडवू नका. बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायची साधनं त्यातच असतात. ते सरकवायला वेगळं सॉफ्टवेअर मिळतं. ते चालू असताना वीज गेली तर मात्र डेटा गमावण्याचा धोका असतो, तेव्हा लॅपटॉप चार्जिंगला लावूनच हात घाला.