विश्लेषण : घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे! ‘स्लीप ॲप्निया’वर कोणते उपचार आहेत?

गिरगाव, लालबागच्या चाळींत एकाच खोलीत चार-पाच जण झोपतात. त्यामुळे कोण किती घोरतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. ‘पाठ टेकली की लगेच झोप लागते’ असे घोरणाऱ्याचे कौतुकही होते. पण घोरणे मध्येच थांबते, काही क्षण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो, तेव्हा ते ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’चे लक्षण असू शकते. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते. त्यावर उपचार अनेक आहेत. मात्र कोणता कोणासाठी, हे समजून घ्यायला हवे.

झोपेत नेमके काय होते?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींमध्ये जीभ व मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हे शेकडो वेळाही घडू शकते. रुग्णाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. जाणवते ते जड डोके, दिवसभराची पेंग आणि चिडचिड. उपचार न झाल्यास रक्तदाब वाढतो, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. टॅक्सी किंवा बस चालवणाऱ्याला तर सिग्नलवर लागलेली डुलकीही महागात पडू शकते.

मुंबईत हा आजार किती आढळतो?

दादरच्या शेजारी, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा पेंग येण्याचे प्रमाण ७.५ टक्के असल्याचा अंदाज त्यात मांडला होता. ही मंडळी आजारी म्हणून आलेली नव्हती, हे विशेष. हा अभ्यास पुरुषांपुरता असला तरी आजार स्त्रियांनाही होतो. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो.

निदान कसे होते?

‘स्लीप स्टडी’ करून. रात्रभर श्वास, प्राणवायू, छातीची हालचाल यांची नोंद घेतली जाते. ही चाचणी रुग्णालयात होते. अनेकांना लहान उपकरण घरी देऊनही ती करता येते. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडल्यास आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र मानला जातो. उपचार ठरवताना या आकड्यासोबत रुग्णाचा त्रास आणि इतर आजारही पाहिले जातात.

‘सीपॅप’ यंत्र काय करते?

मास्कमधून सतत दाबाने हवा सोडून ते श्वासाची वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवणे हाच मुख्य मार्ग होता. मध्यम व तीव्र आजारात आजही ‘सीपॅप’ला पहिली पसंती मिळते. अडचण वापराची आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,७१७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सरासरी वापर रात्री फक्त ३.३ तास होता. पेंग आणि घोरणे कमी झाले, पण हृदयविकाराचे झटके व पक्षाघात घटल्याचे दिसले नाही. मास्क टोचत असेल, हवा गळत असेल, तर यंत्र माळ्यावर टाकण्यापूर्वी मास्कचा आकार व दाब बदलून घ्यावा. लहान खोलीत यंत्राचा आवाज होईल, ही भीतीही अनेकांना असते. प्रत्यक्षात तो घोरण्यापेक्षा खूपच कमी असतो.

यंत्र सोसत नसेल तर?

सौम्य ते मध्यम आजारात दंतवैद्याकडून दातांच्या मापाने साचा बनवून घेता येतो. तो खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवतो. उताणे झोपल्यावरच त्रास होणाऱ्यांना कुशीवर झोपण्याचा फायदा होतो. वजन घटवणे सर्वच स्थूल रुग्णांसाठी महत्त्वाचे. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात १० टक्के वजन घटल्यावर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. रात्रीची दारू बंद करावी. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्याने घसा आणखी सैल पडू शकतो.

शस्त्रक्रिया आणि नवे औषध?

लहान मुलांत टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्यावर अनेकदा त्रास थांबतो. प्रौढांत मात्र टाळूच्या शस्त्रक्रियेचे यश अडथळा नेमका कुठे आहे, यावर अवलंबून असते आणि घोरणे परतूही शकते. जिभेच्या चेतातंतूला झोपेत उत्तेजन देणारे उपकरण अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथेच ‘टिर्झेपटाइड’ हे इंजेक्शन स्थूल व्यक्तींतील मध्यम ते तीव्र आजारासाठी मंजूर झाले. भारतात हे औषध मार्च २०२५ मध्ये मधुमेह व स्थूलतेसाठी आले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते आणि ते सुरू केले म्हणून ‘सीपॅप’ परस्पर बंद करू नये.

सुरुवात कुठून करावी?

परळचे केईएम किंवा मुंबई सेंट्रलचे नायर यांसारख्या पालिका रुग्णालयांत छातीविकार अथवा कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत आधी सल्ला घेता येईल. जाताना शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्यावे. श्वास थांबतो, हे त्यानेच पाहिलेले असते. शक्य असल्यास रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.