जुन्या जीपचे सुकाणू

दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवणीस घेतलेल्या विलिज जीपचे चक्र चार बोटे फिरवूनही चाके हलत नसली, की सारा दोष स्टिअरिंग बॉक्सच्या माथी मारला जातो. वस्तुतः दांड्यांचे सांधे व किंगपिनची बेअरिंगे यांची तपासणी आधी करावी.

बॉक्स उघडताच मळसूत्री खाच कोरलेला दंड आणि त्या खाचेत बसणाऱ्या दोन निमुळत्या खुंट्यांचा लिव्हर दृष्टीस पडतो. खुंट्या एका अंगाने चपट्या झाल्या असतील किंवा बेअरिंगच्या वाट्यांत खड्डे पडले असतील, तर ते भाग बदलण्यावाचून इलाज नाही. लिव्हरच्या शाफ्टचे बुश झिजले असल्यास नवे ठोकून रिमरने मापात आणावेत आणि ऑइल सीलही नवे घालावे.

जुळणी करताना प्रथम वरच्या झाकणाखालचे पातळ शिम कमी करून दंडाची ढिलाई काढावी व मागाहून बगलेचा स्क्रू आवळावा. मध्यभागी खाच मुद्दाम उथळ ठेवलेली असल्यामुळे हा स्क्रू चाके सरळ असतानाच बसवावा. वळलेल्या स्थितीत आवळला, तर सरळ येताच सुकाणू जखडते. शेवटी, आत घट्ट ग्रीस न कोंबता गिअरचे दाट तेलच घालावे. कारण बाजूला सारलेले ग्रीस पुन्हा खाचेत परतत नाही.