शब्द दिल्यानंतरचे प्रेम

आपले बहुतेक चित्रपट आणि पुष्कळशा लोकप्रिय कादंबऱ्या लग्नाच्या मांडवात संपतात. नायक-नायिकेच्या वाटेतले अडथळे दूर झाले, वडीलधाऱ्यांचा विरोध मावळला, अक्षता पडल्या, की पडदा पडतो. पुढे जे घडते त्यात सांगण्यासारखे काही नाही, असाच जणू लेखकाचा आणि प्रेक्षकांचाही समज असतो. या समजाच्या पोटात आणखी एक समज दडलेला आहे. प्रेम ही आपोआप उद्भवणारी अवस्था आहे. ती आली तर माणसाने तिच्यामागे जावे आणि ओसरली तर त्याचा नाइलाज आहे, असे आपण गृहीत धरतो. सुशिक्षित तरुण-तरुणी आज अधिकाधिक प्रमाणात स्वतःच्या पसंतीने विवाह करतात, ही स्वागतार्हच गोष्ट आहे. परंतु पसंतीचा पहिला भर ओसरल्यावर काय उरते, या प्रश्नाला सामोरे जाण्याची तयारी त्यांच्यापाशी क्वचितच असते. ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचा दीर्घकाळ विचार केला आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही तो पारखून पाहावा इतका तो मोलाचा आहे.

प्रारंभ शब्दापासूनच करावा लागेल. ग्रीक भाषेत प्रेमाला अनेक शब्द आहेत. स्त्री-पुरुषांतील ओढीला ‘एरॉस’, मैत्रीला ‘फिलिया’, घरच्या मायेला ‘स्टॉर्गे’. बायबलच्या नव्या करारात मात्र ‘एरॉस’ हा शब्द एकदाही आलेला नाही. त्याच्या लेखकांनी प्रामुख्याने पत्करला तो ‘अगापे’ हा शब्द, आणि त्यात त्यांनी स्वतःचा अर्थ भरला: दुसऱ्याचे हित इच्छिणारे, त्यासाठी झीज सोसणारे आणि समोरच्याच्या लायकीवर अवलंबून नसलेले प्रेम. लॅटिनमध्ये त्याचे ‘कारितास’ झाले. आपल्या मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘प्रीती’ हा शब्द योजला.

या प्रीतीचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेला हा अध्याय आज ख्रिस्ती विवाहसमारंभांत वारंवार वाचला जातो. त्यामुळे तो वधूवरांना उद्देशूनच लिहिला असावा, असे ऐकणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. करिंथ हे दोन बंदरांचे, व्यापाराने गजबजलेले शहर. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत तट पडले होते. बंधू म्हणवणारे लोक एकमेकांना न्यायालयात खेचत होते. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण यथेच्छ खातपीत आणि बाकीचे उपाशी राहत. कोणाला मिळालेले आध्यात्मिक दान श्रेष्ठ, यावरून चढाओढ चाले. अशा भांडणाऱ्या माणसांना पौल प्रीती समजावून सांगत होता. मूळ ग्रीक मजकुरात हे वर्णन क्रियापदांनी केलेले आहे. प्रीती मनाला कशी भासते, याविषयी तिथे अवाक्षर नाही. ती काय करते, काय करीत नाही, काय सोसते आणि कशाचा हिशेब ठेवीत नाही, एवढेच सांगितले आहे. ज्यांचे परस्परांशी मुळीच पटत नव्हते त्यांनाही आचरता येईल, असे हे प्रेम आहे.

येथे विचारी वाचकाच्या मनात एक शंका येईल. येशूने तर प्रेमाची आज्ञाच केली आहे. शेजाऱ्यावर प्रेम करा, इतकेच नव्हे तर शत्रूवरही करा, असे त्याचे सांगणे आहे. परंतु भावनेला आज्ञा कशी करता येईल? ‘आनंदी हो’ असे म्हटल्याने कोणी आनंदी होत नाही. डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड याने १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रेमाची कार्ये’ या ग्रंथात नेमक्या याच शंकेला हात घातला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की निव्वळ आवडीवर उभे असलेले प्रेम नेहमीच चिंतेत असते. उद्या ते बदलेल, हे भय त्याच्या मुळाशीच असते. प्रेम कर्तव्य झाले, की ते या भयातून मोकळे होते. कर्तव्याने प्रेमाचा जीव जातो असे आपण मानतो. किर्केगार्डला त्यात प्रेमाचे संरक्षण दिसले. हे लिहिणाऱ्या या माणसाने १८४१ मध्ये स्वतःचा वाङ्‌निश्चय मोडला होता आणि तो आयुष्यभर अविवाहित राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या लेखनामागची वेदना अधिक जाणवते.

ख्रिस्ती विवाहविधीची रचनाही हेच सांगते. इंग्लंडमध्ये १५४९ साली सिद्ध झालेल्या प्रार्थनापुस्तकातील विधी पाहावा. त्यातील वचनांची परंपरा त्याहूनही जुनी, मध्ययुगीन आहे. धर्मगुरू वधूवरांना त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे काय, असे विचारीतच नाही. तू हिच्यावर प्रेम करशील काय, असे तो विचारतो. प्रश्न भविष्यकाळी आहे आणि उत्तरही भविष्यकाळी. आज मनात काय दाटून आले आहे याची ती कबुली नसते. उद्या श्रीमंती येवो वा दारिद्र्य, आरोग्य लाभो वा आजार, मी काय करीन याची ती हमी असते. सप्तपदी आणि ‘नातिचरामि’ ज्यांच्या कानांवर आहे, त्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. दोन्हीकडे विवाहाचा कणा शब्द हाच आहे.

दिलेल्या शब्दाचे हे मोल विसाव्या शतकात डिट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाद्र्याने विलक्षण परिस्थितीत सांगितले. हिटलरच्या राजवटीला विरोध करणाऱ्या या धर्मशास्त्रज्ञाचा वाङ्‌निश्चय जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी झाला. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली. पुढच्याच महिन्यात त्याच्या भाचीचे त्याच्या निकटच्या मित्राशी लग्न होते. त्यांच्यासाठी त्याने बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून एक प्रवचन लिहिले. त्याचा आशय असा, की आजवर तुमच्या प्रेमाने तुम्हाला विवाहापर्यंत आणले. यापुढे तुमचा विवाहच तुमच्या प्रेमाला सांभाळील. हे लिहिणाऱ्याला स्वतःचे लग्न होईल की नाही, याची शाश्वती नव्हती. मारिया त्याला तुरुंगात भेटत राहिली आणि दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. ज्यांना एकत्र संसाराचा एक दिवसही लाभला नाही, त्यांच्या निष्ठेने त्या प्रवचनाला जे वजन आले, ते केवळ विद्वत्तेने आले नसते.

मराठी वाचकाला मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार आपल्या साहित्याने अमर करून ठेवला आहे. लक्ष्मीबाईंचा विवाह बालवयातच झाला. त्यात प्रणयाचा किंवा निवडीचा प्रश्नच नव्हता. नारायणराव बुद्धिमान, कविवृत्तीचे, उदार आणि तितकेच तापट. घरातली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकताना त्यांना उद्याची आठवण राहत नसे. १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंची संमती नसताना त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीवर हा केवढा आघात होता, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दुरावली.

या ठिकाणी एका कायद्याची आठवण ठेवली पाहिजे. १८६६ मध्ये सरकारने धर्मांतरितांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीबरोबर राहण्यास तिच्या जोडीदाराने धर्माच्या कारणावरून नकार दिला, तर न्यायालयामार्फत तो विवाह मोडून पुन्हा लग्न करण्याची वाट या कायद्याने मोकळी केली होती. नारायणरावांनी दुसरे लग्न केले नाही. लक्ष्मीबाई अखेरीस परत आल्या, त्या आपले सोवळेओवळे बरोबर घेऊनच आल्या. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आणि विचारातून, आणि १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली. १९३४ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे सांगितले आहे. त्यात भांडणे आहेत, रुसवे आहेत, उपासमार आहे आणि नवऱ्याच्या लहरीपणाची मनमोकळी थट्टाही आहे. नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवण्याचा प्रयत्न त्यांनी कोठेही केला नाही. तरीही ते पुस्तक वाचून मिटताना हे प्रेमाचे पुस्तक आहे, याविषयी वाचकाला संदेह राहत नाही. भावनेच्या कसोटीवर हा संसार अनेकदा मोडला असता. तो टिकला, कारण दोघांनीही परत येण्याची वाट बंद केली नाही.

एवढे सांगून थांबलो, तर मात्र तो वाचकाशी, विशेषतः स्त्री वाचकाशी, अप्रामाणिकपणा होईल. बांधिलकीच्या नावाखाली आजवर सर्वाधिक सोसले ते स्त्रियांनीच. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पत्नीने पतीच्या अधीन असावे असे म्हटले आहे, हे पुरुषांनी नेमके ध्यानात ठेवले. ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे, ही त्याच प्रकरणातली त्याहून कठोर आज्ञा ते सोयीने विसरले. आपल्याकडच्या कायद्यानेही हाच भेद जपला. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होत असे. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. उलट, केवळ मारझोड होते म्हणून तिला सुटका मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये या तरतुदींतील अन्याय दूर करणारा निर्णय दिला, आणि संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त करून स्त्री-पुरुषांना समान आधार दिले. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही तेव्हाच झाली. म्हणजे या समानतेसाठी ख्रिस्ती स्त्रीला १३० हून अधिक वर्षे थांबावे लागले.

मग बांधिलकीचा विचारच फोल ठरतो काय? माझ्या मते, तो नीट समजून घेतला तर उलटच निष्कर्ष निघतो. शब्द दोघांनी दिलेला असतो, आणि तो जपण्याचा शब्द असतो. जो हात उगारतो त्यानेच तो मोडलेला असतो. घराबाहेर पडणाऱ्या पत्नीवर वचनभंगाचा ठपका ठेवणे हा न्यायाचा विपर्यास आहे. विवाह अविच्छेद्य मानणाऱ्या कॅथलिक चर्चनेही हे ओळखले आहे. १९८३ च्या त्याच्या धर्मकायद्यातील ११५३ वे कलम सांगते, की पती किंवा पत्नीपासून जोडीदाराच्या वा मुलांच्या शरीराला अथवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे. त्याच कायद्यानुसार सक्तीने किंवा धाकाने घेतलेली संमती विवाहाला ग्राह्य नाही. बांधिलकीला स्वातंत्र्याची अट आहे. जिथे ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, तिथे ‘होय’ला अर्थ उरत नाही. प्रीती सारे सोसते, या वचनाचा आधार घेऊन पीडितेला गप्प बसवणाऱ्यांनी हे विसरू नये, की त्याच अध्यायात ती अन्यायात आनंद मानीत नाही, असेही सांगितले आहे.

तसेच, ख्रिस्ती विचार प्रणयाचा शत्रू आहे, असेही कोणी समजू नये. ज्या बायबलमध्ये करिंथकरांस लिहिलेली पत्रे आहेत, त्याच बायबलमध्ये ‘गीतरत्न’ हे शृंगाराचे उत्कट काव्यही आहे. त्याचे स्थान कोणी काढून घेतलेले नाही. ओढ ही देणगीच आहे. पण तिला आयुष्यभराचे ओझे उचलायला लावणे हा तिच्यावरही अन्याय आहे. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येतो, बायकोची नोकरी जाते, बदलीमुळे दोन गावी दोन बिऱ्हाडे करावी लागतात, मूल आजारी पडते आणि दोघांनाही रात्र-रात्र झोप नसते. अशा वेळी मनात प्रेमाची लाट उठेलच, असे नाही. त्या वेळी उठून औषध देणे, टोचणारे उत्तर ओठांवरच थांबवणे, पगाराचा हिशेब न लपवता समोर ठेवणे, हेच प्रेम असते. आणि अशा प्रसंगांतूनच कित्येकदा हरवलेली माया घरात परत येते, हा असंख्य संसारांचा अनुभव आहे.

विवाहाच्या तयारीत आपल्याकडे कार्यालय, जेवणावळ, कपडे आणि मानपान यांवर महिनेच्या महिने खर्च होतात. आपण नेमका कोणता शब्द देत आहोत, तो कोणत्या प्रसंगी अवघड वाटेल, आणि दुसऱ्याने तो मोडला तर आपण काय करणार, यावर दोघांनी मिळून एक संध्याकाळही घालवलेली नसते. अनेक चर्चमध्ये विवाहेच्छूंसाठी अशा विचाराचे छोटे अभ्यासवर्ग चालतात. इतर समाजांनीही आपापल्या परंपरेनुसार ते सुरू करण्यास हरकत नाही. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. प्रेमात पडावे कसे, हे तरुणांना कोणी शिकवण्याची गरज नाही. दिलेला शब्द पाळावा कसा, आणि तो कोणी शस्त्रासारखा वापरू लागला तर ओळखावे कसे, हे मात्र थोरांनीच त्यांना सांगितले पाहिजे.