कैरोचा बाजार आणि तीन खजूर

“अगं, रमजानात कशाला कैरोला निघालीस? सगळं बंद असेल!” निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनींनी बजावलं. पण ह्यांचं कंपनीचं काम नेमकं मार्चमध्ये निघालं, शाळेतल्या एका बाईंनी माझे तास घ्यायचं कबूल केलं, आणि २०२४च्या रमजानात आम्ही दोघं कैरोत जाऊन पोचलो.

वहिनी निम्म्या खऱ्या ठरल्या. पहिल्याच दिवशी सकाळी नऊला मी मोठ्या उत्साहानं खान अल-खलिली गाठलं. चौदाव्या शतकापासूनचा हा बाजार, वाटलं पाय ठेवायला जागा नसेल. पाहते तो बरीचशी दुकानं बंद! हळूहळू कळलं, की बाजार बंद नाही, त्याचं घड्याळ निराळं आहे. लोक पहाटेपूर्वी उठून जेवतात, त्याला ‘सुहूर’ म्हणतात. मग दुकानं उशिरा उघडतात. दुपारी गर्दी असते ती खाण्याच्या जिनसांपाशी. सहाच्या सुमाराला सूर्य मावळला, की रस्ते एकदम ओस! आणि रात्री नऊनंतर जो बाजार फुलतो, तो मध्यरात्र उलटली तरी हटत नाही. बायका कडेवर पेंगुळलेली पोरं घेऊन कपडे निवडत असतात. तेव्हा मैत्रिणींनो, असा योग आलाच तर दुपारी झोप काढा आणि खरेदी रात्री करा. दिवसा पाणी प्यायला परक्या माणसाला कुणी हरकत घेत नाही, पण आपल्यालाच भर रस्त्यात बाटली तोंडाला लावायची लाज वाटते. मी आडोसा बघून दोन घोट घेत असे.

जिकडेतिकडे पत्र्याचे आणि रंगीत काचांचे कंदील, ‘फानूस’, टांगलेले. थेट आपल्या दिवाळीची आठवण! जर्दाळूची पोळी मिळते, अगदी आपल्या आंबापोळीसारखी. ती पाण्यात भिजवून, घोटून सरबत करतात. ‘कतायेफ’ म्हणजे एकाच बाजूनं भाजलेली इवलीशी धिरडी. आत सुकामेवा भरून करंजीसारखी दुमडायची, तळायची, की पाकात. घरी करून पाहण्याजोगी आहेत.

माझ्या शाकाहाराचं काय, ही मोठी चिंता होती. पण तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्वीचा मोठा उपासही त्या वर्षी रमजानबरोबरच, ११ मार्चला सुरू झाला होता. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध काही चालत नाही. ‘सियामी’ एवढा एक शब्द मी पाठ केला आणि माझं भागलं.

आता माझ्या फजितीचं सांगते. बाब झुवेला नावाची अकराव्या शतकातली वेस आहे, तिच्या पलीकडे तंबूवाल्यांची गल्ली. कापडाचे तुकडे कातरून दुसऱ्या कापडावर शिवायचं बारीक काम तिथं पुरुष मांडी घालून करतात. मला एक उशीचा अभ्रा आवडला. म्हातारे दुकानदार तीनशे पौंड म्हणाले. मी दीडशे. घासाघीस हा तर आपला हातखंडा! ते अडीचशेवर आले, मी दोनशेवर अडून बसले. ह्यांनी दोनदा घड्याळ दाखवलं. माझं लक्ष नाही. शेजारची दुकानं मिटत होती, गल्लीत टेबलं मांडून येईल त्याच्यासाठी पानं वाढली जात होती, आणि मी आणखी चार अभ्रे उलगडायला लावले. त्यांचे हात थरथरत होते. ते म्हातारपणानं, असं मी धरून चालले.

तेवढ्यात अजान झाली. त्यांनी अभ्रा बाजूला सारला, एक ताटली काढली आणि तीन खजूर माझ्यापुढे धरले. स्वतः अजून काही घेतलं नव्हतं. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाला मी अर्धा तास बोलायला लावलं होतं! आणि तेही पन्नास पौंडांसाठी, म्हणजे आपल्या शंभर रुपयांच्या आतच. खजूर हातात घेऊन मी नुसती उभी. “खा, मदाम,” त्यांनी खूण केली. मी एक तोंडात टाकला, तेव्हा कुठे त्यांनी आपला उचलला, वर पाणी प्यायले.

मग चहा आला. मी गुपचूप तीनशे पुढे केले. त्यांनी पन्नासाची नोट परत केली. मी घेईना, ते ऐकेनात. शेवटी ती नोट ह्यांनीच खिशात घातली.

अभ्रा आता आमच्या दिवाणावर आहे. वहिनींनी किंमत विचारली, ती मी तीनशेच सांगितली.