जागेच्या बदल्यात जागा : अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा परदेशी कार्यानुभव

संकल्पना

विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पदवी पूर्ण होण्याआधीच परदेशातील कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा बांधकाम-सल्लागाराकडे काही आठवडे सविद्यावेतन काम करायचे आणि त्या देशातील विद्यार्थ्यासाठी आपल्याकडे तशीच जागा काढून द्यायची, ही या देवाणघेवाणीची मूळ रीत. शिष्यवृत्तीत पैसा अनुदानातून येतो. येथे तो कामाचा मोबदला असतो. नोकरीची हमी मात्र नसते.

उगम

या क्षेत्रातील सर्वांत जुन्या जागतिक संघटनांपैकी एक म्हणजे ‘आयएस्टी’. महायुद्धानंतर विस्कटलेल्या युरोपात जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जेम्स न्यूबी यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. आरंभी सर्व सदस्य देश युरोपातलेच होते. पुढे इतर खंडांतले देशही तीत आले. भारतात मणिपाल हे तिच्या कामाचे प्रमुख केंद्र राहिले आहे.

जागा कशी तयार होते

सगळी यंत्रणा एका प्रपत्राभोवती फिरते. कामाचे स्वरूप, हवी असलेली शाखा, किमान कितवे वर्ष, आवश्यक भाषा, एकूण आठवडे, आठवड्याचे तास आणि विद्यावेतन, एवढा तपशील मालकाने त्यात भरून द्यायचा. प्रत्येक देशाची समिती अशी प्रपत्रे गोळा करते आणि वार्षिक परिषदेत इतर देशांच्या समित्यांशी त्यांची अदलाबदल करते. ही परिषद साधारणतः जानेवारीत भरते. जितक्या जागा द्यायच्या, साधारण तितक्याच मिळतात. त्यानंतर महाविद्यालयांतून विद्यार्थी निवडले जातात, त्यांची गुणपत्रके व भाषेचे दाखले मालकाकडे जातात आणि अंतिम होकार मालकाचाच असतो. परदेशातली जागा अशा रीतीने मायदेशातल्या कारखान्यात जन्म घेते. अर्जदार विद्यार्थ्यांच्या लक्षात हे क्वचितच येते.

खर्चाची विभागणी

विद्यावेतनातून राहण्या-जेवण्याचा खर्च भागावा, ही अपेक्षा असते. निवासाची सोय आणि नव्या शहरातली पहिली ओळख यांत यजमान देशाची समिती मदत करते. विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांचा खर्च विद्यार्थ्याने सोसायचा. सामान्य कुटुंबाला हाच भाग जड जातो.

एकतर्फी पर्याय

जर्मनीतील ‘डाड’ संस्थेची ‘वाइज’ योजना आणि कॅनडातील ‘मायटॅक्स’ची ‘ग्लोबलिंक’ योजना भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या आहेत. दोन्हींचा रोख विद्यापीठीय संशोधनावर आहे आणि बदल्यात जागा द्यावी लागत नाही. 

वसई-विरारचा संदर्भ

जागेच्या बदल्यात जागा ही रीत वसई-विरारमध्येही रुजू शकते. वसई रोडचे विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून चालू आहे. विरारमध्ये विवा तंत्रज्ञान संस्था आहे. रेल्वेच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात सुटे भाग, प्लास्टिक, वेष्टनसामग्री तयार करणारे असंख्य लहान कारखाने आहेत. म्हणजे पाठवायला विद्यार्थी आहेत आणि द्यायला जागाही निघू शकतात. या दोहोंना जोडणारी समिती तेवढी हवी. काम केवळ कारखान्यातलेच असावे असेही नाही. जुलै २०१८ मध्ये पावसाने वसई-विरारचा बराच भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता. मिठागरे, खाड्या, पाणथळ जमिनी आणि नवी वस्ती यांतून पाण्याचा निचरा कसा व्हावा, हा स्थापत्य वा पर्यावरण शाखेच्या कोणत्याही देशातील विद्यार्थ्याला पुरून उरेल असा विषय आहे.

अडचणी

बहुतेक जागा आठ ते बारा आठवड्यांच्या असतात आणि युरोपात त्या जून ते सप्टेंबरदरम्यान येतात. ही महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत त्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा मे महिन्यात, कधी जूनपर्यंत चालतात आणि जुलैत नवे सत्र उघडते. त्यामुळे महाविद्यालयाने उपस्थितीत सूट दिल्याशिवाय गणित जुळत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक दिले असल्याने अशी सूट मागायला आता आधार आहे. लहान कारखान्यांची अडचण निराळी : इंग्रजीतून मार्गदर्शन करणारा अनुभवी माणूस, आठवडावार लिखित कामाची आखणी आणि वेळेवर दिलेले विद्यावेतन यांची तजवीज. जानेवारीच्या अदलाबदलीत जागा मांडायची तर वालीवच्या कारखानदाराला आपला होकार दिवाळीच्या सुमारासच कळवावा लागेल.