कांजीतला बुशु : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रानडे इन्स्टिट्यूट असो, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असो की पेठेतला एखादा खासगी क्लास, पुण्यात जपानी शिकणारे जागोजागी भेटतात. हिरागाना-काताकाना या लिप्या हसतखेळत पार पडतात आणि कांजी सुरू झाली की अनेकांचा धीर सुटतो. कांजी म्हणजे चीनमधून जपानात गेलेली अक्षरं. कोशात प्रत्येक अक्षर ज्या घटकाखाली नोंदलेलं असतं, तो घटक म्हणजे बुशु. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्याला रॅडिकल म्हणतो. बुशु नीट समजला तर पाठांतराचं ओझं खूपच हलकं होतं. म्हणून त्याविषयीचे गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज १ : चिनी अक्षर म्हणजे चित्र आणि बुशु म्हणजे चित्राचा तुकडा.

वस्तुस्थिती : झाड, डोंगर, डोळा अशी थोडीच अक्षरं चित्रातून आली. ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं दोन घटकांच्या जोडीतून बनली आहेत. एक घटक विषय सुचवतो, दुसरा उच्चार. विषय सुचवणारा घटक हाच बहुधा बुशु असतो. 'आई' या अर्थाच्या चिनी अक्षरात डावीकडे स्त्री आणि उजवीकडे घोडा आहे. घोड्याचा आईशी काही संबंध नाही. त्याचा उच्चार 'मा', म्हणून तो तिथे आला.

बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा हीच युक्ती उपयोगी पडली. 'संघ' लिहिताना माणसाचा बुशु घेतला आणि शेजारी ध्वनीसाठी दुसरं चिन्ह ठेवलं. 'बुद्ध' लिहितानाही माणसाचाच बुशु आला. बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या 'मार' याच्यासाठी खाली भुताचा बुशु आणि वर 'मा' उच्चाराचं चिन्ह अशी जोडणी झाली. अशा ग्रंथांचा अभ्यास पुण्यात फार पूर्वी झाला आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे पु. वि. बापट यांनी 'समन्तपासादिका' या पाली ग्रंथाच्या पाचव्या शतकातल्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह केला. भांडारकर संस्थेनं तो १९७० साली प्रसिद्ध केला.

गैरसमज २ : बुशु ही चिनी बाराखडी, २१४ बुशु पाठ केले की वाचता येतं.

वस्तुस्थिती : बुशु ही कोशकारांनी केलेली वर्गवारी आहे. इ. स. १००च्या सुमारास चिनी कोशकार शू शेन यानं ९,३५३ अक्षरं ५४० गटांत लावली. १६१५च्या एका कोशानं गट २१४वर आणले. १७१६च्या खांग-शी कोशानं सत्तेचाळीस हजारांवर अक्षरांसाठी तीच मांडणी स्वीकारली, म्हणून ती रूढ झाली. आजच्या चीनमध्ये २००९च्या प्रमाणकानुसार मुख्य बुशु २०१ आहेत. वर्गवारी सोयीनुसार बदलता येते. ती पाठ केल्यानं एकाही अक्षराचा उच्चार कळत नाही.

गैरसमज ३ : डावीकडे असेल किंवा ठळक दिसेल तोच बुशु.

वस्तुस्थिती : बुशु डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, आत कुठेही असू शकतो. दरवाजाची चौकट असलेली तीन कांजी पाहा. चौकटीत तोंड काढलं की 'विचारणे', कान काढला की 'ऐकणे', सूर्य काढला की 'मधली जागा'. चौकट तिन्हींत सारखीच उठून दिसते. पण पहिलीचा बुशु तोंड, दुसरीचा कान; त्या दोन्हींत दरवाजा फक्त 'मोन' या उच्चारापुरता आहे. बुशु म्हणून दरवाजा येतो तो तिसरीतच.

आकारही फसवतो. पाणी अक्षराच्या डावीकडे आलं की तीन टिंबांचं होतं, विस्तव खाली आला की चार टिंबांचा. उलट, कानाच्या पाळीसारखा दिसणारा एकच आकार डावीकडे असेल तर टेकडी आणि उजवीकडे असेल तर वस्ती. 'क्योतो'मधल्या 'तो'मध्ये तो उजवीकडे आहे, कारण 'तो' म्हणजे राजधानीचं शहर.

गैरसमज ४ : बुशु ओळखला की अर्थ कळला.

वस्तुस्थिती : बुशु दिशा दाखवतो, अर्थ सांगत नाही. 'कायदा' या अर्थाच्या अक्षराचा बुशु पाणी आहे आणि बौद्ध ग्रंथांत 'धर्म' लिहायलाही तेच अक्षर वापरलं गेलं. पाण्याच्या पृष्ठभागासारखा सर्वांना सारखा तो न्याय, असं शू शेननं त्याचं स्पष्टीकरण दिलं आहे. ते वाचल्यावर पटतं, पण नुसती तीन टिंबं पाहून कुणालाही 'कायदा' सुचणार नाही.

गैरसमज ५ : मोबाइल आल्यावर बुशु कालबाह्य झाला.

वस्तुस्थिती : कोश चाळण्याची गरज कमी झाली आहे, पण नवी अक्षरं आजही बुशु लावूनच घडतात. चिनी रसायनशास्त्रात ऑक्सिजन आणि हायड्रोजनला वायूचा बुशु आहे, बहुतेक धातूंना धातूचा, कार्बनला दगडाचा. ब्रोमिनला पाण्याचा, कारण ते सामान्य तापमानाला द्रव असतं. मूलद्रव्य कोणत्या अवस्थेत असतं, हे तिथल्या विद्यार्थ्याला नावातच वाचायला मिळतं.

मग शिकायचं कसं? जपानच्या जोयो, म्हणजे नित्य वापराच्या कांजींच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. त्या सुट्ट्या सुट्ट्या पाठ करत बसू नका. वहीत प्रत्येक कांजीचे दोन भाग वेगळे दाखवा, विषय कोणता आणि उच्चार कोणता. 'निळा' या अर्थाची 'सेइ' कांजी घ्या. तिला पाण्याचा बुशु लावला की 'निर्मळ', सूर्याचा लावला की 'निरभ्र', तांदळाचा लावला की मुळात 'कांडून शुद्ध केलेला'. तिन्हींचा उच्चार 'सेइ'च. एक ध्वनी आणि तीन बुशु लक्षात ठेवले की तीन कांजी हाती लागतात. पाठांतर तरीही करावं लागेलच, पण त्याला आधार मिळालेला असेल.